हंगामातील पहिली सायकल शर्यत: बेळगाव सीमाभागातील नवोदितांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पावसाळा ओसरून दसरा-दिवाळी झाली, की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत सायकल शर्यतींचे दिवस सुरू होतात. कुठे गावच्या यात्रेनिमित्त रोख बक्षिसांची शर्यत असते, कुठे एखादे युवक मंडळ ती भरवते, तर कुठे शालेय किंवा जिल्हा पातळीवरील निवड चाचणी असते. पूर्वेकडील जमखंडी, बागलकोट, विजयपूर हा पट्टा सायकलपटूंचा म्हणूनच ओळखला जातो आणि रामदुर्ग तालुक्यातील चंदरगीची क्रीडा शाळाही आपल्याच जिल्ह्यात आहे. त्यामुळे साध्या वाटणाऱ्या शर्यतीतही आरंभरेषेवर कसलेली मुले उभी असतात. त्यांच्याबरोबर पहिल्यांदा उतरणाऱ्याने आपले ध्येय आधी ठरवून घ्यावे. माझ्या मते ते एकच असावे: शेवटच्या पाच किलोमीटरपर्यंत मुख्य गटात टिकून राहणे.

यामागे कारण आहे. पावसाळ्यात बहुतेकांचा सराव तुटलेला असतो, त्यामुळे हंगामाच्या आरंभी एकट्याने पुढे निसटून शेवटपर्यंत आघाडी टिकवण्याची ताकद फार थोड्यांकडे असते. शर्यत बराच वेळ गटानेच चालते आणि नवखा स्पर्धक मागे पडतो तो बहुधा गावाजवळच्या गतिरोधकावर, वळशावर, आडव्या वाऱ्यात किंवा पहिल्याच चढाच्या पायथ्याशी, म्हणजे जिथे गटातील त्याची जागा चुकलेली असते तिथे. पायांतील ताकद सहा आठवड्यांत बेताचीच वाढते, पण जागा सांभाळण्याचे कौशल्य त्याच काळात पुष्कळ सुधारता येते. पुढील सर्व तयारी याच दृष्टीने मांडली आहे.

शर्यतीची निवड आणि चौकशी

नाव नोंदवण्यापूर्वी संयोजकांना काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. अंतर किती, गिअरची आणि बिनगिअरची सायकल यांचे गट वेगळे आहेत का, वयोगट कोणते आणि वयाच्या दाखल्यासाठी आधार कार्ड चालेल का, हे तर विचारावेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे रस्ता शर्यतीपुरता बंद ठेवला जाणार आहे की वाहतूक चालूच राहणार आहे, आणि सोबत रुग्णवाहिका असणार आहे का. रस्ता चालू असून रुग्णवाहिकाही नसेल, तर पहिल्या अनुभवासाठी ती शर्यत सोडून द्यावी, बक्षीस कितीही मोठे असले तरी. तीस ते चाळीस किलोमीटरची, फार चढ नसलेली शर्यत आरंभासाठी योग्य ठरते. आपल्याकडील अनेक शर्यती एका गावापर्यंत जाऊन पिंपाला किंवा खुणेच्या झेंड्याला वळसा घालून परत येणाऱ्या असतात. वळसा कुठे आहे आणि तिथे रस्ता किती रुंद आहे, हेही तेव्हाच विचारून ठेवावे.

सहा आठवड्यांचा सराव

पहिले दोन आठवडे केवळ दमाचा पाया घडवण्यासाठी द्यावेत. आठवड्यातून चार-पाच दिवस, बोलता-बोलता चालवता येईल अशा वेगाने एक ते दीड तास आणि रविवारी अडीच ते तीन तास सायकल चालवावी. श्वास लागून वाक्य तुटत असेल, तर वेग जास्त आहे असे समजावे. या सौम्य सरावाचा कंटाळा येतो आणि तरुण मुले तो टाळून रोज जोरात चालवतात. परिणामी शरीर सतत थकलेले राहते आणि जोराच्या दिवशी खरा जोर लागतच नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून दोन दिवस कठीण सरावाचे ठेवावेत, त्यांच्यामध्ये किमान एक सौम्य दिवस असावा. पहिल्या कठीण दिवशी आठ-आठ मिनिटांच्या चार फेऱ्या, बोलणे अशक्य होईल पण अखेरपर्यंत टिकेल अशा जोराने कराव्यात आणि दोन फेऱ्यांमध्ये चार मिनिटे सावकाश चालवावे. पिरनवाडीच्या पुढे किणये ते जांबोटी हा चढउतारांचा रस्ता अशा सरावाला सोयीचा आहे, आणि लहान पण तीव्र चढ हवा असेल त्याने यळ्ळूरजवळचा राजहंसगड गाठावा. निपाणी-चिकोडीकडच्या सायकलपटूंनी तवंदी घाटाचा मोह मात्र टाळावा. राष्ट्रीय महामार्गावरील मालवाहू गाड्यांच्या गर्दीत जोराचा सराव करणे धोक्याचे आहे, त्यापेक्षा आतल्या रस्त्यावरील एखादी लहान टेकडी पुन्हा पुन्हा चढावी.

दुसरा कठीण दिवस शर्यतीला अधिक जवळचा असतो. पंधरा सेकंद जवळजवळ पूर्ण ताकदीने आणि पंचेचाळीस सेकंद सावकाश, असे दहा वेळा करावे, पाच मिनिटे विसावा घेऊन पुन्हा दहा वेळा करावे. गतिरोधकानंतर, वळशानंतर, कुणी अचानक वेग वाढवल्यावर गटाला चिकटून राहण्यासाठी नेमका हाच झटका लागतो, आणि एकदा नव्हे तर वीस-पंचवीस वेळा लागतो. एकसारख्या वेगाने एकट्याने कितीही किलोमीटर घातले तरी हा गुण अंगी येत नाही.

रविवारची लांब फेरी शक्यतो चार-पाच जणांच्या सोबतीने करावी, कारण दुसऱ्याच्या चाकामागे शांतपणे राहणे हे सोबतीशिवाय शिकता येत नाही. शेवटच्या आठवड्यात एकूण वेळ निम्म्यावर आणावा, मात्र जोर कमी करू नये: फेऱ्या थोड्या, पण नेहमीच्याच ताकदीने. या आठवड्यात राहून गेलेला सराव भरून काढण्याचा प्रयत्न केल्यास शर्यतीच्या दिवशी पाय जड राहतात.

पावसाळ्यानंतरची सायकल

आपल्याकडचा पाऊस आणि खानापूरकडची तांबडी माती यांमुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत वापरलेली सायकल वरून स्वच्छ दिसली, तरी आतून झिजलेली असते. शर्यतीच्या किमान दोन आठवडे आधी ती पूर्ण खोलून तपासावी किंवा जाणत्या कारागिराकडून ओव्हरहॉल करून घ्यावी. सीटचा दांडा बाहेर काढून सांगाडा उलटा धरावा. आत साचलेले पाणी अनेकदा तिथून निघते. बीबी (पेडलच्या दांड्यांमधला आस) आणि हँडलच्या बेअरिंगमध्ये गंजाचा खरखरीतपणा हाताला जाणवला, तर जुने ग्रीस पुसून नवे भरावे आणि खड्डे पडलेले छर्रे बदलावेत.

चेन मोजण्यासाठी साधी लोखंडी पट्टी पुरते. चेनच्या २४ कड्या एका पिनेच्या मध्यापासून मोजल्यास नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरतात. हे अंतर एक सोळांश इंचाने वाढले असेल तर चेन बदलावी. एक अष्टमांश इंचापर्यंत वाढू दिली, तर मागची चक्रेही झिजून गेलेली असतात आणि उभे राहून जोर लावताच चेन दातांवरून उडते. नवी चेन शर्यतीच्या आदल्या दिवशी बसवू नये. आठवडाभर चालवून ती चक्रांवर नीट बसते आहे याची खात्री करावी.

रिमवर दाबणारे ब्रेक असतील, तर ब्रेकचे रबर काढून उजेडात धरून पाहावेत. पावसाळ्यातील वाळू आणि रिमच्या धातूचे चकाकणारे बारीक कण त्यांत रुतून बसलेले दिसतात. ते सुईने एकेक करून काढावेत आणि पृष्ठभाग सँडपेपरने हलका घासावा. हे न केल्यास ब्रेक दाबताना कर्कश आवाज येतो, रिम कापली जाते आणि गटात ऐनवेळी ब्रेक झटक्याने लागतो. डिस्क ब्रेक असल्यास चकतीवर चेनचे तेल उडू देऊ नये. गिअर आणि ब्रेकच्या केबल गंजल्या असतील, तर बाहेरच्या आवरणासह बदलाव्यात. हा खर्च सायकलच्या कोणत्याही दिखाऊ भागापेक्षा उपयोगी आहे.

टायरकडे विशेष लक्ष द्यावे. बैलहोंगल-सौंदत्तीच्या बाजूला बाभळीचे काटे, तर महामार्गालगत फुटलेल्या ट्रकच्या टायरमधील केसाइतक्या बारीक तारा, ही पंक्चरची मोठी कारणे आहेत. टायर उतरवून आतल्या बाजूने कापसाचा बोळा सावकाश फिरवावा. बोटाला न जाणवणारी तार कापसाचा धागा पकडते आणि सापडते. हवेबाबत बहुतेक मुले अतिरेक करतात. ६० ते ६५ किलो वजनाच्या स्पर्धकाला २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ७५ ते ८५ पीएसआय हवा आपल्या खडबडीत रस्त्यांसाठी पुरेशी आहे, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी अधिक. टायर दगडासारखा टणक केला, तर तो खडीवर उड्या मारतो, वेग वाढण्याऐवजी घटतो आणि वळणावर पकड सुटते.

मार्गाची पाहणी

शर्यतीचा मार्ग किमान एकदा, शर्यतीच्याच वेळी, स्वतः चालवून पाहावा. गाडीतून केलेली पाहणी पुरत नाही, कारण गाडीतून न जाणवणारा हलका चढ सायकलवर दोन मिनिटे पाय जाळतो. पाहणीत प्रत्येक गावाच्या वेशीवरचे गतिरोधक मोजावेत आणि त्यांची जागा खुणेसह वहीत लिहावी: शाळेची भिंत, देवळाची कमान, पाण्याची टाकी. अनेक गतिरोधकांवर पांढरे पट्टे नसतात, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात झाडांच्या सावल्यांमध्ये ते दिसतच नाहीत. पावसाने डांबराच्या कडा जिथे तुटल्या आहेत तिथे किती जागा सोडावी लागेल, तेही पाहून ठेवावे.

या दिवसांत दोन धोके खास आपल्या भागातले आहेत. ऑक्टोबरपासून काही ठिकाणी शेतकरी सोयाबीन किंवा नाचणी रस्त्यावर मळणीसाठी पसरतात. त्या काडांवरून सायकल घसरते आणि भुसकट गिअरमध्ये अडकते. पुढे कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्ता व्यापतात आणि त्यांच्यामागे पडलेली उसाची कांडी चाकाखाली आली तर पडणे जवळजवळ ठरलेले असते. त्या पट्ट्यात गटाच्या अगदी आत राहू नये. निदान एका बाजूने पुढचा रस्ता दिसेल अशी जागा धरावी.

शेवटी परतीच्या वाटेवर अंतिम रेषेपासून पाच, तीन आणि एक किलोमीटरच्या, तसेच दोनशे मीटरच्या खुणा ठरवाव्यात. दमलेल्या अवस्थेत अंतराचा अंदाज चुकतो. खूण चुकत नाही.

आहार आणि पाणी

शरीरातील साठवलेली साखर जोराच्या श्रमाला साधारण दीड ते दोन तास पुरते, म्हणून चाळीस किलोमीटरच्या शर्यतीत वाटेत फार खाण्याची गरज नसते. आदल्या दिवशी आणि सकाळी काय खाल्ले याला महत्त्व असते. आदल्या रात्री वरण-भात, मऊ पोळी, थोडी भाजी असे साधे जेवण लवकर घ्यावे. तिखट रस्सा, तळण आणि खूप डाळी-कडधान्ये त्या रात्री टाळावीत.

आरंभ सकाळी सात वाजता असेल, तर साडेचार-पाचच्या सुमारास उप्पीट, इडली किंवा बेताचे तूप घातलेला शिरा खावा, आणि आरंभाच्या अर्धा तास आधी एक केळे. शर्यत दीड तासाहून लांब असेल, तर तासाला साधारण ६० ग्रॅम साखर पोटात जाईल असे पाहावे. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम मिळते. एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू घातलेले सरबत उरलेली गरज भागवते. गोकाकचा करदंट सरावाच्या लांब फेरीत उत्तम, पण त्यातील डिंक आणि सुकामेवा पचायला वेळ घेतात, त्यामुळे शर्यतीत तो खिशात ठेवू नये. कोणताही नवा पदार्थ शर्यतीच्या दिवशी प्रथमच खाऊ नये.

शर्यतीची सकाळ

आरंभस्थळी किमान एक तास आधी पोहोचावे. क्रमांक घेतल्यावर ब्रेक, चाकांचे क्विक रिलीज (चाक झटकन काढण्या-बसवण्याची कळ), हँडलचा बोल्ट आणि हवा तपासावी. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटे जातील इतका घट्ट असावा. व्यावसायिक शर्यतींतही २००३ साली आंद्रेई किव्हिलेव्ह या सायकलपटूचा पॅरिस-नीस शर्यतीतील अपघातात मृत्यू झाल्यानंतरच आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने हेल्मेट सक्तीचे केले. गावच्या शर्यतीत कुणी विचारले नाही, तरी ते घालूनच उतरावे.

त्यानंतर वीस ते पंचवीस मिनिटे अंग गरम करावे: पंधरा मिनिटे सावकाश, मग एकेका मिनिटाचे तीन जोर, शेवटी दहा सेकंदांचे दोन झटके. नोव्हेंबर-डिसेंबरच्या गार सकाळी हे केले नाही, तर पहिल्या दोन किलोमीटरमध्येच पाय भरून येतात, आणि तेच दोन किलोमीटर सर्वांत वेगाने जातात. आरंभरेषेवर पहिल्या दोन ओळींत उभे राहावे, सायकल मध्यम गिअरवर ठेवावी. भाषणे आणि नारळ फोडणे लांबते. तोवर उगाच आपली जागा सोडू नये.

गटातील जागा

सायकलचा वेग दुप्पट झाला, तर हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला लागणारी शक्ती आठपट. म्हणून ताशी ३५ किलोमीटरच्या पुढे सपाट रस्त्यावर बहुतांश श्रम हवेशीच झुंजण्यात जातात, आणि दुसऱ्याच्या मागच्या चाकापासून अर्ध्या मीटरवर राहिल्यास चौथा ते तिसरा हिस्सा श्रम वाचतात. गटाबाहेर एकटा पडलेला माणूस कितीही दमदार असला, तरी परत जोडला जाणे त्याला इतके कठीण का जाते, ते यावरून कळते.

पण गटात कुठेही राहून चालत नाही. पन्नास जणांचा गट गावात शिरताना गतिरोधकावर काय होते ते नीट समजून घ्यावे. सर्वांत पुढचा ताशी ४० वरून २५ पर्यंत वेग उतरवतो, गतिरोधक ओलांडतो आणि लगेच पुन्हा पाय मारू लागतो. त्याच्यामागचा थोडा उशिरा आणि थोडा जास्त ब्रेक दाबतो, त्याच्यामागचा आणखी जास्त. शेपटीतील स्पर्धक तिथे पोहोचतो तेव्हा जवळजवळ थांबलेला असतो, आणि तोवर पुढचे पुन्हा चाळीसच्या वेगात निघून गेलेले असतात. पेटीच्या भात्याप्रमाणे गट आधी दाबला जातो आणि मग ताणला जातो. या ताणण्याची सगळी किंमत शेवटचे दहा जण भरतात. मार्गावर पंचवीस गतिरोधक असतील, तर शेवटच्या माणसाला पंचवीस वेळा उभे राहून झटका मारावा लागतो, तर आठव्या क्रमांकावरचा बसल्या जागी पुढे जातो. दोघांचा सरासरी वेग एकच असतो, श्रम मात्र फार वेगळे.

यास्तव पाचव्या ते पंधराव्या क्रमांकाच्या दरम्यान जागा धरावी. ती आपोआप टिकत नाही, कारण कडेने सतत कुणी ना कुणी पुढे जातो आणि काही न करणारा दर मिनिटाला एक-दोन जागा मागे सरकतो. गट मंदावतो तेव्हा, म्हणजे गतिरोधकाच्या सुमारे दोनशे मीटर आधी, कडेने सावकाश पुढे सरकावे. गट वेगात असताना पुढे जाण्याचा खटाटोप करू नये. चढाचा पायथाही शक्यतो पहिल्या पाचांत गाठावा, म्हणजे चढावर वीस जण पुढे गेले तरी माथ्यावर आपण गटातच असतो.

चाकामागे राहताना पुढच्याच्या टायरकडे पाहू नये. त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहावे. आपले पुढचे चाक कुणाच्याही मागच्या चाकाच्या बाजूला अर्धवट घुसवू नये, कारण पुढचा किंचित सरकला आणि चाके एकमेकांना लागली, तर पडतो तो नेहमी मागचाच. वेग थोडा कमी करायचा असेल, तर ब्रेक न दाबता पाय सैल सोडावेत किंवा छाती वर उचलून हवेचा विरोध वाढवावा. सरळ रेषा सोडू नये. सीमाभागातील गटात कन्नड आणि मराठी बोलणारे एकत्र असतात, तेव्हा 'एडक्के' म्हणजे डावीकडे, 'बलक्के' म्हणजे उजवीकडे आणि 'तग्गु' म्हणजे खड्डा, एवढे शब्द कानांना सवयीचे असावेत. हाताने खूण करण्याची सवयही ठेवावी.

हिवाळ्यात सकाळी आपल्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून येतो. बेळगावहून खानापूरकडे, म्हणजे साधारण दक्षिणेला जाताना तो डाव्या अंगाने लागतो, तेव्हा आडोसा पुढच्याच्या थेट मागे न मिळता त्याच्या मागे किंचित उजवीकडे मिळतो. तथापि वाहतूक चालू असलेल्या रस्त्यावर मधली रेषा ओलांडून आडोसा शोधू नये. तिथे जागा संपलेली असेल, तर पुढे सरकणे हाच उपाय आहे. बेळगावहून पश्चिमेकडे जाणाऱ्या मार्गावर जाताना वारा पाठीशी असतो आणि गट फार वेगात जातो. त्या भरात आघाडीवर राहून ताकद उधळू नये, कारण परतीला तोच वारा तोंडावर येतो.

आघाडीची पाळी आलीच तर वीस-तीस सेकंद, वेग न वाढवता घ्यावी आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला सरकून मागे यावे. वळशाला हलका गिअर आधीच टाकावा, ब्रेक सरळ रेषेत असतानाच दाबावा, वळताना आतला पाय वर ठेवावा आणि नजर बाहेर पडायच्या वाटेवर ठेवावी. वळशानंतरचे पहिले दहा सेकंद पूर्ण ताकदीचे असतात.

शेवटच्या तीन किलोमीटरच्या खुणेपासून पहिल्या दहांत राहावे आणि एका जाणत्या स्पर्धकाचे चाक धरावे. अंतिम धाव दोनशे मीटरच्या खुणेआधी सुरू करू नये. समोरून वारा असेल, तर आणखी उशिरा.

पडल्यास आणि शर्यतीनंतर

पडल्यावर आधी रस्त्याच्या कडेला व्हावे. डोक्याला मार लागून गोंधळल्यासारखे वाटत असेल, उलटी होत असेल किंवा काही क्षण आठवत नसतील, तर पुन्हा सायकलवर न बसता दवाखाना गाठावा. खरचटलेली जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुऊन माती पूर्ण काढावी. धनुर्वाताची लस पाच वर्षांत घेतलेली नसेल, तर ती घ्यावी. हेल्मेट आदळले असेल तर वरून धड दिसले तरी बदलावे.

शर्यत संपल्यावर पंधरा मिनिटे हलके चालवावे, तासाभरात पोटभर भात-आमटी किंवा जे सहज मिळेल ते जेवावे, आणि त्याच दिवशी गट कुठे सुटला ते वहीत लिहावे. चढावर सुटला असेल, तर आठ मिनिटांच्या फेऱ्या वाढवाव्यात. गतिरोधकांनंतर किंवा वळशावर सुटला असेल, तर पंधरा सेकंदांचे झटके आठवड्यातून दोनदा करावेत आणि पुढच्या वेळी आपण कितव्या क्रमांकावर असतो याकडे लक्ष द्यावे. आडव्या वाऱ्यात सुटला असेल, तर सोबत्यांबरोबर खानापूर रस्त्यासारख्या दक्षिणोत्तर वाटेवर सकाळी आडोसा धरण्याचा सराव करावा. पुढची शर्यत किमान दोन आठवड्यांच्या अंतराने निवडावी, म्हणजे पहिले तीन-चार दिवस विश्रांतीला आणि उरलेले सापडलेल्या उणिवेवर काम करायला मिळतात.